एक रस्ता, तीन नंबर

महाराष्ट्रात पुसेगाव म्हटलं की बहुतेकांना सातारा जिल्ह्यातलं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव आठवतं. फोनवर नकाशा उघडून नाव टाकलं तरी आधी तेच समोर येतं. माझं पुसेगाव दुसरं. हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. त्यामुळे एका नावाची दोन ठिकाणं असली की काय गंमत होते ते आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. कुरियरवाल्याला जिल्हा सांगावा लागतो, पाहुण्यांना तालुकाही.

या लेखाचा विषय मात्र याच्या उलट आहे. एकाच ठिकाणाला अनेक नावं असली तर काय होतं? आणि ते ठिकाण म्हणजे आमच्या रोजच्या जाण्यायेण्याचा डांबराचा, आता बराचसा काँक्रीटचा झालेला, रस्ता असला तर?

पुसेगावहून नांदेडला जायचं तर आधी हिंगोली गाठायची. तिथून कळमनुरी, आखाडा बाळापूर करत वारंगा फाटा. मग डोंगरकडा, अर्धापूर आणि नांदेड. हिंगोलीहून निघताना तुम्ही राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ वर असता. वारंगा फाट्यावर हदगाव-उमरखेडकडून ३६१ येऊन मिळतो. तिथून पुढे नांदेडपर्यंतचे सुमारे ४० किलोमीटर तुम्ही १६१ वरही असता आणि ३६१ वरही. नांदेड-अर्धापूरच्या पट्ट्यात वसमतकडून येणारा ६१ याच रस्त्याला येऊन भिडतो, थोडा वेळ सोबत चालतो आणि बारड-भोकरकडे फुटतो. म्हणजे त्या तुकड्यात तुमच्या चाकाखाली एकच रस्ता आणि त्याला तीन राष्ट्रीय नंबर : ६१, १६१, ३६१.

जगभरातल्या रस्त्यांच्या अभ्यासकांनी अशा तुकड्यांसाठी खास संज्ञा तयार केल्या आहेत. मराठीत तसा शब्द रूढ नाही, पण आपल्याकडे सातबाऱ्यावरचा एक शब्द आहे : सामाईक. सामाईक विहीर, सामाईक बांध. मी याला सामाईक रस्ताच म्हणतो. कारण सामाईक विहिरीचे सगळे प्रश्न या रस्त्यालाही लागू होतात. पाणी सगळे काढतात. गाळ कोणी काढायचा?

नंबर नव्हते तेव्हा

रस्त्याला नंबर असतो ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. आधी रस्त्याला गावाचं नाव असे आणि तेही तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरे. हिंगोलीत उभं राहिलं की तो नांदेडचा रस्ता, नांदेडात उभं राहिलं की तोच हिंगोलीचा रस्ता. एका रस्त्याला दोन नावं तेव्हाही होती, पण त्याने कोणाचाही गोंधळ होत नसे, कारण नाव म्हणजे दिशा होती.

आमच्या भागातले हे रस्ते दोन सत्तांच्या शिवेवरचे. पैनगंगेच्या त्या अंगाला वऱ्हाड, या अंगाला निजामाचं हैदराबाद संस्थान. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती होता. वाशिमकडून हिंगोलीकडे येताना लागणाऱ्या कनेरगाव नाक्याच्या नावात तो ‘नाका’ आजही आहे. हिंगोली हे हैदराबाद कंटिन्जंटचं, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या फौजेचं ठाणं होतं. छावणी म्हटली की रसद आली, घोडे आले, तोफा आल्या आणि त्यांच्यासाठी रस्ते आले. छावणी गेली, पण रस्त्यांची दिशा तीच राहिली : उत्तरेला अकोला, दक्षिणेला नांदेड आणि पुढे हैदराबाद.

आजचा १६१ नकाशावर बघा. अकोला, वाशिम म्हणजे जुनं वऱ्हाड. हिंगोली, नांदेड, देगलूर म्हणजे निजामाचा मराठवाडा. पुढे तेलंगणातलं संगारेड्डी, तेही निजामाचंच. तीन वेगवेगळे इतिहास एका आकड्यात बसले आहेत. १९४८ सालच्या १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला, १९९९ साली १ मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. राज्याचं आणि जिल्ह्याचं नाव बदलत गेलं, रस्ता तिथेच राहिला.

जयकर, नागपूर आणि पिवळा दगड

देशातल्या रस्त्यांचा एकत्र विचार कधी सुरू झाला याचं उत्तर एका मराठी माणसाच्या नावाशी जाऊन थांबतं. १९२७ साली सरकारने रस्ते विकास समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीचं म्हणणं थोडक्यात असं होतं की रस्ते वाढवणं हे प्रांतांच्या आणि स्थानिक मंडळांच्या कुवतीबाहेर चाललं आहे, केंद्राने त्याकडे राष्ट्रीय प्रश्न म्हणून बघावं. पेट्रोलवर जादा कर लावून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभारावा ही शिफारस त्यातलीच. १९२९ साली तो केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला.

दुसरा टप्पा नागपूरचा. १९४३ च्या डिसेंबरात, महायुद्ध चालू असताना, देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले. त्या बैठकीतून निघालेला आराखडा ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही उतरंड आपण आज गृहीत धरतो, ती तिथे नीट मांडली गेली. त्या उतरंडीचा अर्थ साधा होता : कुठल्या रस्त्याचा खर्च कोणी करायचा. म्हणजे वर्गवारी पहिल्यापासूनच जबाबदारीची होती. १९५६ साली राष्ट्रीय महामार्ग कायदा झाला आणि त्याच्या परिशिष्टात महामार्गांची नंबरवार यादी आली.

ही उतरंड तुम्हाला रस्त्याकडेच्या दगडावर दिसते. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक. पुढच्या वेळी एसटीच्या खिडकीतून बघा. रंग बदलला की मालक बदलला.

पण या सगळ्याच्या खाली आणखी एक इतिहास आहे, जो कुठल्याच दगडावर लिहिलेला नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लाखो माणसांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. त्यातूनच पुढे रोजगार हमी योजनेचा कायदा आला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना रस्त्यांचे नंबर विचारलेत तर सांगता येणार नाहीत. बहात्तरला कोणत्या रस्त्यावर कोण कामाला होतं ते मात्र सांगतील.

२२२ चा ६१ झाला

सुरुवातीच्या पद्धतीत महामार्गांना नंबर दिले गेले ते साधारण यादीतल्या क्रमाने. मुंबई-आग्रा ३, मुंबई-चेन्नई ४, पुणे-हैदराबाद ९, वाराणसी-कन्याकुमारी ७. नंतर रस्ते वाढत गेले तसे आकडे वाढत गेले. धुळे-सोलापूर २११ झाला. कल्याणहून माळशेज घाट चढून अहमदनगर, पाथर्डी, माजलगाव, परभणी, वसमत, नांदेड, भोकर करत तेलंगणातल्या निर्मलला जाणारा रस्ता २२२ झाला. निर्मलच का? कारण तिथे त्याला ७ नंबरचा उत्तर-दक्षिण महामार्ग भेटत होता. पण नुसता २२२ हा आकडा ऐकून तो रस्ता देशाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे हे कोणालाही सांगता आलं नसतं.

२०१० साली केंद्राने सगळे नंबर नव्याने दिले. नवी रीत डोक्यात ठेवण्यासारखी आहे. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. ईशान्येत २, देशाच्या मधोमध ४४, आपल्या कोकणात ६६. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आकडे आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात. वर लडाख-काश्मिरात १, खाली रामेश्वरमजवळ ८७. मोठ्या रस्त्यांना एक किंवा दोन अंकी आकडा. त्यांच्याशी नातं असलेल्या रस्त्यांना तीन अंकी, ज्यातले शेवटचे दोन अंक मूळ रस्त्याचे.

आता अकोल्याकडून दक्षिणेला निघा. अकोल्याला ५३. नांदेडजवळ ६१. संगारेड्डीला पुणे-हैदराबादचा ६५. आकडे बरोब्बर वाढत गेले. २२२ चा ६१ झाला तेव्हा त्याला पहिल्यांदा नकाशावर जागा मिळाली.

आणि १६१, ३६१ या ६१ च्या लेकी. गंमत अशी की १६१ सुरू होतो ५३ वर आणि संपतो ६५ वर. मधल्या ६१ ला तो फक्त वाटेत भेटतो, तरी आडनाव मधल्याचं लावतो. ३६१ चंही तसंच. तो तुळजापूरला ५२ वर सुरू होतो, औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करत बुटीबोरीला ४४ वर संपतो. दोन्ही टोकांना सम आकड्यांचे रस्ते, नातं मात्र मध्ये भेटलेल्या ६१ शी. आई आणि दोन लेकी जिथे एकत्र येतात ते नांदेड-अर्धापूर म्हणजे या कुटुंबाचं घर म्हणायचं.

रस्ते एकत्र का येतात?

नंबर देणारा माणूस दिल्लीत नकाशावर रेघ ओढतो. पण रेघ नदीशी आली की तिला पूल लागतो. पूल दर दोन मैलांवर नसतो. त्यामुळे वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या रेघा पुलाजवळ एकमेकींना चिकटतात. नांदेडच्या उत्तरेला आसना नदी आहे, शहराला लागून गोदावरी आहे. शिवाय नांदेड हे बाजाराचं, रेल्वेचं, दवाखान्यांचं आणि गुरुद्वाऱ्याचं शहर. हिंगोलीची हळद, अर्धापूरची केळी, वसमतचा माल, परीक्षेला निघालेली पोरं आणि ॲडमिट करायला निघालेला पेशंट, सगळ्यांची तोंडं तिकडेच. सामाईक रस्ता कुठे तयार होतो हे बघितलं की माणसं कुठे जातात ते कळतं.

असे तुकडे महाराष्ट्रात इतरत्रही आहेत. धुळे-नाशिक-पुणे ६० आणि ठाणे-नाशिक-शिर्डी-अहमदनगर १६० हे दोघे नाशिक ते सिन्नर एकाच रस्त्यावरून जातात. सिन्नरला फाटतात : एक संगमनेरकडे, दुसरा शिर्डीकडे. याच्यावर आणखी एक थर असतो. अकोल्यातला ५३ हा आशियाई महामार्ग जाळ्यातला ४६ क्रमांकाचा रस्ताही आहे. त्यावर रोज जाणाऱ्या रिक्षावाल्याला याची खबर असायचं काही कारण नाही.

आणि काही मार्ग असे असतात ज्यांना नंबरच नसतो. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरला निघते तेव्हा आमच्या भागातून सेनगाव, नर्सी, औंढा करत परभणीकडे जाते. नर्सी हे नामदेवांचं गाव. ज्या डांबरावरून पालखी जाते तो कधी जिल्ह्याचा रस्ता असतो, कधी राज्याचा, कधी केंद्राचा. वारकऱ्यांसाठी तो सलग एकच असतो.

एकाच दगडाजवळ दोन हिशेब

वारंगा-नांदेड तुकड्यात मला सगळ्यात विलक्षण वाटते ती एक गोष्ट. १६१ चे किलोमीटर अकोल्यापासून मोजतात, म्हणजे दक्षिणेकडे जाल तसा आकडा वाढतो. ३६१ चे किलोमीटर तुळजापूरपासून मोजतात, म्हणजे उत्तरेकडे जाल तसा आकडा वाढतो. एकाच रस्त्यावर, एकाच झाडाखाली दोन हिशेब उलट दिशांनी चालतात. हिंगोलीहून नांदेडला निघालेला माणूस १६१ च्या हिशेबात पुढे जातो आणि त्याच क्षणी ३६१ च्या हिशेबात मागे येतो.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात विथव्हिल नावाच्या गावाजवळ असाच एक प्रसिद्ध तुकडा आहे. तिथे आंतरराज्य महामार्ग ७७ आणि ८१ एकाच रस्त्यावरून जातात. एका बाजूने निघालात तर पाटी सांगते की तुम्ही ७७ वर उत्तरेला आणि ८१ वर दक्षिणेला चालला आहात. गाडी मात्र जवळपास पूर्व-पश्चिम धावत असते. तिथले लोक या पाटीजवळ फोटो काढतात. वारंग्याला तशी पाटी लावली तर आपल्याकडेही रील निघतील.

देशोदेशी यावर वेगवेगळे तोडगे आहेत. अमेरिकेत १९२६ साली नंबर देताना सम-विषमची रीत आपल्या उलट ठरली : तिथे उत्तर-दक्षिण रस्ते विषम. सामाईक तुकड्यावर तिथे सगळ्या नंबरांच्या पाट्या एकाखाली एक लावतात. ब्रिटनचा नियम कडक आहे. रस्त्याला नंबर एकच. दुसरा रस्ता त्यावरून जात असेल तर त्या तुकड्यापुरता तो गायब होतो, पाटीवर त्याचा आकडा फक्त कंसात येतो. म्हणजे ‘पुढे हा तुम्हाला पुन्हा भेटेल’ एवढंच आश्वासन. तिथे रस्त्याचा धनी कोण याबद्दल शंका राहत नाही, पण प्रवास मध्येच तुटतो. अमेरिकेत प्रवास सलग राहतो, पाट्यांची गर्दी होते. आपण कागदावर अमेरिकेसारखे आहोत.

गाळ कोणी काढायचा?

आता सामाईक विहिरीच्या प्रश्नाकडे. एका रस्त्याला तीन नंबर असले तर कोणाचं काय बिघडतं?

पहिली गोष्ट, मोजमाप. समजा कोणी १६१ ची पूर्ण लांबी आणि ३६१ ची पूर्ण लांबी यांची बेरीज केली. वारंगा-नांदेडचे ४० किलोमीटर त्यात दोनदा येतील. जमिनीवर मात्र ते एकदाच आहेत. देशातल्या राष्ट्रीय महामार्गांची लांबी २०१४ साली ९१ हजार किलोमीटरच्या आसपास होती, दहा वर्षांत ती १ लाख ४६ हजारांवर गेली. हा आकडा वाचताना एक लक्षात ठेवावं : महामार्ग वाढणं आणि रस्ता वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या राज्य रस्त्याला राष्ट्रीय नंबर दिला की महामार्ग वाढतो, रस्ता तितकाच राहतो. खरा फरक पडतो तो रुंदीकरण होतं तेव्हा.

दुसरी गोष्ट, काम. मोठे रस्ते नंबरावर बांधले जात नाहीत, टप्प्यांत बांधले जातात. चौपदरीकरणाच्या टप्प्यांची नावं बघा : पांगरे ते वारंगा फाटा हा १६१ चा टप्पा, लोहा ते वारंगा आणि वारंगा ते महागाव हे ३६१ चे. म्हणजे सामाईक तुकड्याचं काम ३६१ च्या खात्यात गेलं आणि वारंगा फाटा हा कामाच्या कागदांत तीन टप्प्यांचा शेवट किंवा आरंभ ठरला. फाट्यावरच्या चहावाल्याला हे ठाऊक असेल-नसेल, पण त्याच्या टपरीपासून डावीकडच्या खड्ड्याचा ठेकेदार एक आणि उजवीकडच्याचा दुसरा असू शकतो. तक्रार करणाऱ्याने आधी हे ओळखायचं.

तिसरी गोष्ट, जमीन. महामार्गासाठी जमीन घेताना १९५६ च्या कायद्यातल्या कलमांनुसार अधिसूचना निघते. कलम ३अ मध्ये जमीन घेण्याचा इरादा, ३ड मध्ये ती केंद्राकडे आल्याची घोषणा, ३ग मध्ये मोबदला. त्या कागदावर महामार्गाचा नंबर असतो, किलोमीटर असतात आणि मग गट नंबर. आपल्या बांधाशेजारच्या रस्त्याला शेतकरी नांदेड रोड म्हणत असतो. पेपरातल्या बारीक अक्षरांत तो ३६१ असतो. हरकत नोंदवायला अधिसूचनेपासून २१ दिवस असतात. त्या दिवसांत आपला रस्ता कोणत्या नावाने छापून आलाय हे कळणं, ही नुसती माहिती नसते.

आणि चौथी, सगळ्यात तातडीची. रस्त्यावर अपघात झाला की फोन करणाऱ्याला पहिला प्रश्न येतो : कुठे? राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ ही हेल्पलाइन आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८. सामाईक तुकड्यावर ‘हायवेवर, अमुक किलोमीटरला’ असं सांगितलं तर ते दोन जागांना लागू होऊ शकतं, कारण हिशेब दोन आहेत. म्हणून नुसता आकडा सांगू नये. जवळच्या फाट्याचं किंवा गावाचं नाव आणि ‘नांदेडकडे जाताना’ की ‘हिंगोलीकडे जाताना’ हे आधी सांगावं. दगड दिसत असेल तर त्यावरचा महामार्गाचा नंबर आणि किलोमीटर दोन्ही वाचावेत. फोनवरून लोकेशन पाठवता आलं तर उत्तमच, पण रेंज प्रत्येक वळणावर असतेच असं नाही.

एसटीला हे पहिल्यापासून कळलेलं आहे. एसटीच्या पाटीवर कधी नंबर नसतो. शेवटचं गाव असतं आणि ‘मार्गे’ असतं. एका शब्दात सगळा प्रश्न सुटतो : कुठे आणि कुठून. पाथर्डी-अहमदनगरकडे अजूनही लोक ६१ ला कल्याण-निर्मल किंवा कल्याण-विशाखापट्टणम रस्ता म्हणतात. २२२ गेला, ६१ आला, नाव तेच राहिलं.

नाव रंगाने लिहिता येतं, रस्ता जमिनीवर

इथवर सामाईक रस्ता ही डोकेदुखी वाटेल. पण मला त्याची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते आणि सध्या तर फारच.

नागपूरहून गोव्याच्या सीमेपर्यंत शक्तिपीठ महामार्ग बांधायचा प्रस्ताव आला. मूळ आराखड्यात तो वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटरचा आणि १२ जिल्ह्यांतून जाणारा. त्यात हिंगोली आणि नांदेडही आहेत. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही देवस्थानं जोडली जातील, नागपूर-गोवा प्रवास १८ तासांवरून ८ तासांवर येईल, असं सरकार सांगतं. कोल्हापूरपासून अर्धापूरपर्यंत अनेक ठिकाणच्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. त्यांच्या मुद्द्यांपैकी एक थेट या लेखाच्या विषयाचा आहे : नागपूर-रत्नागिरी रस्ता आधीच आहे की.

तो खरंच आहे. नागपूर ते बुटीबोरी ४४, तिथून तुळजापूर ३६१, तुळजापूर ते सोलापूर ५२, तिथून पश्चिमेला १६६. एका प्रवासाला चार नंबर. नावाने बघितलं तर ‘नागपूर-रत्नागिरी’ एक रस्ता, नंबराने बघितलं तर चार तुकडे. त्यातल्या ३६१ साठी शेतकऱ्यांनी आधीच जमिनी दिल्या, तो रुंद झाला.

नव्या रस्त्याची बाजू घेणाऱ्यांचंही म्हणणं ऐकायला हवं. सामाईक रस्त्यावर गर्दी वाढते. ट्रक, एसटी, उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली आणि शाळेची पोरं एकाच पदरावर येतात. लांबच्या गाड्यांना वेगळा वेगवान मार्ग दिला तर गावातून जाणाऱ्या रस्त्यावरचा ताण कमी होईल, हा तर्क पोकळ नाही. ज्या गावांतून चौपदरी रस्ता गेला तिथे रस्ता ओलांडायला म्हातारी माणसं किती वेळ उभी राहतात ते आम्ही बघतो.

तरीही निवड नीट मांडायला हवी. नव्या प्रवासाला नाव द्यायचं असेल तर दोन मार्ग असतात. एक, आहे त्या रस्त्यावर आणखी एक नंबर चढवायचा, जसा १६१ वर ३६१ आहे. त्याला लागतो रंग, पाट्या आणि दुरुस्तीचा पक्का धनी. दुसरा, शेजारून नवा रस्ता काढायचा. त्याला लागते जमीन. अर्धापूरच्या केळीच्या बागेला पाणी देणारी विहीर त्यात गेली तर ती कुठल्याही नंबराने परत येत नाही. कुठे पहिला मार्ग पुरेल आणि कुठे दुसऱ्याशिवाय गत्यंतर नाही हे तुकड्यातुकड्याने तपासता येतं. अभियंत्यांकडे वाहनांची मोजणी असते, वळणांचे नकाशे असतात. आमच्या भागातल्या लोकांची मागणी फार मोठी नाही : ती मोजणी आधी आमच्यासमोर ठेवा, मग रेघ ओढा.

जयकर समितीपासून चालत आलेला प्रश्न हाच आहे. रस्ता सगळ्यांचा असेल तर खर्च कोणाचा, जमीन कोणाची आणि फायदा कोणाचा? नंबर या तिन्हींचं उत्तर द्यायला जन्माला आले. जिथे दोन-तीन नंबर एकत्र येतात तिथे उत्तर पुसट होतं, म्हणून तिथे विचारत राहायला हवं.

मराठीत सामाईक रस्त्यासाठी शब्द नाही असं मी वर म्हटलं. पण तो जिथे सुरू होतो आणि संपतो त्या जागेसाठी फार नेमका शब्द आहे : फाटा. वारंगा फाटा, वसमत फाटा, भोकर फाटा. दिल्लीच्या यादीत ही नावं असोत-नसोत, प्रवासी उतरतात तिथेच, ट्रक थांबतात तिथेच, नातेवाईक न्यायला येतात तिथेच. तुम्ही कधी त्या बाजूला आलात तर वारंगा फाट्यावर दोन मिनिटं थांबून पाट्या बघा. आणि पुढे पुसेगावला यायचं असेल तर नकाशात जिल्हा टाकायला विसरू नका, नाहीतर साताऱ्याला पोहोचाल.